देवीला नेमकं काय विचारलं

दाजीकाकांनी आमच्या वाड्याला फसवलं. आमचा वाडा म्हणजे पेडणे तालुक्यात, मोपाच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी, काजूच्या डोंगराला टेकून बसलेली घरं. आणि दाजीकाका म्हणजे गावचे मानकरी. देवीपुढे उभं राहून गावाच्या वतीनं बोलायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. त्यांनी मतपेट्या पळवल्या नाहीत, कुणाला धमकावलं नाही, कुणाला पाजलंही नाही. त्यांनी फक्त ठरलेला प्रश्न बदलला आणि दुसराच विचारला. हे मी रागानं लिहिते आहे. मी बहुतेक गोष्टी रागानंच करते, आणि तरी माझा माल कधी खोटा निघालेला नाही.

काजूचा हंगाम परत आला की हा राग पिकतो. पणजीजवळच्या विद्यापीठात वाचनालयाच्या थंडगार खोलीत मी निवडणूक कायद्याची पुस्तकं उघडून बसलेली असते, पंखा गरगरत असतो, आणि माझ्या पिशवीतून बोंडूंचा वास बाहेर येतो. बोंडू म्हणजे काजूचं फळ. सकाळी निघताना आई पिशवीच्या तळाशी दोनचार टाकतेच. पलीकडच्या टेबलावरचा मुलगा नाक वर करून इकडेतिकडे बघतो. तो वास गोड असतो, किंचित आंबलेला, घशाला खरखर करणारा. तो आला की समोरची ओळ अंधूक होते. अर्ज, छाननी, माघार, मतदान, मोजणी असं काहीतरी त्या ओळीत लिहिलेलं असतं आणि मी ‘माघार’ या शब्दापाशीच थांबते. मग मी खोलीत नसते. पायाखाली वाळलेल्या पानांचा कुरकुराट ऐकू येतो आणि आईच्या काठीचा आकडा फांदीला अडकल्याचा आवाज.

ती निवडणूक पंचायतीची होती आणि अशाच दिवसांत आली होती. मी तेव्हा रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराखाली भाजलेले काजूगर विकायची. किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबत. त्या छपरानं मला वकिलीचं शिक्षण दिलं, पुढे पक्कं दुकान दिलं, आणि आता या वयात डॉक्टरेटही तेच करवून घेतंय. कुणाचा हात डोक्यावर नव्हता. छपरानं मला आणखी एक गोष्ट शिकवली, जी पुस्तकांत फार उशिरा सापडली. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं ते मनात ‘घ्यावं की नको’ घेऊन. त्याला तसं विचारलं तर ते नको म्हणतं. मी विचारायची, “साधे देऊ की मसाल्याचे?” ते साधे म्हणायचं. घेणार की नाही, हा प्रश्न हवेतच विरून जायचा. सौदा तिथेच संपलेला असे, पुढची घासाघीस नुसती करमणूक. प्रश्न ज्याच्या तोंडून निघतो, त्याच्याकडेच तागडी असते.

पण पहाटे मी छपराखाली नसायची, डोंगरावर असायची. आई पुढे, मी मागे. धुकं झाडांच्या कमरेपर्यंत असे आणि त्यातून लाल-पिवळी बोंडं अशी दिसत, की रात्री कुणीतरी दिवे लावून विसरून गेलंय. वटवाघळांनी अर्धी खाल्लेली फळं खाली पडलेली असत. आई वाकून बी पिळून काढायची, बोंडू एका टोपलीत, बी दुसरीत. बोटांना डीक लागून कातडी काळी पडायची, सोलवटायची. खाली ओढ्याकाठी दगडी कुंडीत बोंडू तुडवायचं काम चाले. तिथून गाळून आलेला नितळ रस, आमचा नीरो, आम्ही काचेच्या कोपातून प्यायचो. त्यात ऊन पडलं की ते सोनं नसे, रुपंही नसे, मधलंच काहीतरी असे. आजही डोळे मिटले की तो रंग पापण्यांच्या आत येतो, आणि उघडले की जातो.

आई मूळची मयेची, डिचोली तालुक्यातली. बाबा त्या भागात खनिजाचा ट्रक चालवायचे, तिथेच सोयरीक जमली. तळ्याकाठी वाढलेली बाई आमच्या कोरड्या सड्याखाली आली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी वाड्यावर तिची ओळख ‘मयेची’ अशीच होती. डोंगर चढता चढता ती तळ्याबद्दल बोलायची. पहाटे पाणी दिसतच नाही, म्हणायची, नुसता डोंगर उलटा दिसतो. मी लहानपणी समजायची की मयेत दोन डोंगर आहेत.

त्या वर्षी आमचा वॉर्ड, म्हणजे आमचाच वाडा, बायकांसाठी राखीव झाला आणि वाड्यावरच्या बायकांनी आईला गळ घातली. कारण वाटेचं होतं. डोंगरावर जायची जुनी पायवाट कुणीतरी कुंपण घालून बंद केली होती. डोक्यावर टोपल्या घेऊन बायकांना सगळा डोंगर वळसा घालावा लागे. पंचायतीत सांगून झालं, कुणी कानावर घेतलं नाही.

“आई, पंच जाल्यार कितें करतलंस?” मी विचारलं होतं.

“वाट सोडयतलंय,” ती म्हणाली. “आनी कितें? माका भाषण थोडांच येता.”

तिनं अर्ज भरला. दुसरा अर्ज दाजीकाकांच्या सुनेचा होता. म्हणजे तो दाजीकाकांचाच होता. सुनेचं नुसतं नाव.

इथे मला थांबून सांगायला हवं, की दाजीकाकांवर माझा लहानपणापासून जीव आहे. असं आहे म्हणून तर राग जात नाही. काजूचं कलम बांधायला मला त्यांनीच शिकवलं. आणि त्यांचा आवाज. देवीपुढे ते गाऱ्हाणं घालू लागले, म्हणजे गावाचं मागणं देवीच्या कानी घालू लागले, की उंबऱ्याबाहेरची गुरंसुद्धा रवंथ थांबवत असं मला वाटायचं. शब्द लांब ओढत, मध्ये श्वास घेत, वाक्याच्या शेवटी ‘म्हाराजा’ म्हणून ते थांबत. मग सगळा गाव एका तोंडानं म्हणे, “व्हय म्हाराजा.” कितीतरी वर्षं ते ‘व्हय’ मी पाळण्यातल्या गाण्यासारखं ऐकलं. आईच्या कडेवर पेंगत ऐकलं. काय मागितलं याकडे कुणाचं लक्ष असतं? आवाज खाली उतरला की आपण व्हय म्हणायचं.

अर्ज दोन आले तसा गावात कुजबुजाट सुरू झाला. एका वाड्यात दोन अर्ज म्हणजे भांडण, असं आमच्याकडे अजून मानतात. पिंपळाच्या पारावर बैठक बसली. दाजीकाका म्हणाले, “भायल्यांक हसाक कित्याक देवचा? देवीक विचारूया. दोगींतली कोण, ता तीच सांगात.”

आई म्हणाली, “देवी सांगता ता खरां.”

बैठक मोडली. दोघींतली कोण, हा प्रश्न ठरला होता. मी पाराच्या कडेला उभी राहून तो कानांनी ऐकला आणि मनात बांधून ठेवला, जसा मी गिऱ्हाइकाचा शब्द बांधून ठेवते.

देवळातली ती सकाळ मला स्वप्नासारखी आठवते. म्हणजे कडा विरघळलेल्या, आणि मधलं अगदी लख्ख. ओल्या फरशीचा गारवा. समईचं तेल. देवीच्या काळ्या पाषाणावर पुजाऱ्यानं पिटकुळीच्या कळ्या ओल्या करून लावलेल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाहेर कोकीळ वेड लागल्यासारखा ओरडत होता. आई बायकांत बसली होती, बोटं काळी, डोक्यावर पदर.

दाजीकाकांनी सुरुवात केली.

“बाये देवी म्हाराजा, आज ह्यो तुजो गाव तुज्या पायांकडे उबो आसा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या गावात तंटो नाका, भांडण नाका म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“भावान भावाच्या दारात जावचा, वाड्यान एकजीव रवाचा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“एका वाड्याचो एकच अर्ज रवाचो, ह्या जर तुज्या मनात आसात, तर उजवो प्रसाद दी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळा गाव म्हणाला. सगळे थांबले. उजवी कळी हलली, घसरली, पडली.

दाजीकाका वळले. “झाला. देवीन सांगल्यान. एकच अर्ज.” आणि मग आवाज न बदलता, “मयेची मागे घेता.”

मी पुढे झाले. “काका, ह्यो प्रश्न ठरलो नाशिल्लो. दोगींतली कोण, असां विचारपाचा ठरलेलां. एकच अर्ज म्हटल्यार खंयचो, ता देवीन खंय सांगला?”

मागून कुणीतरी हसलं. “देवळात मोल करता गो ह्या चेडू.”

सगळे हसले. दाजीकाकाही हसले, मायेनं हसले. आईनं माझं मनगट धरलं आणि मला बाहेर आणलं. तिच्या हातांचा डीक माझ्या मनगटाला लागला. तो डाग किती दिवस होता ते आठवत नाही, पण तो जाऊ नये म्हणून मी तिथं साबण लावत नव्हते हे आठवतं.

आईनं मतदानाच्या दिवसासाठी एक साडी काढून ठेवली होती, मोरपंखी, मयेहून आलेली. ती नेसून ती पेडण्याच्या कचेरीत गेली आणि अर्ज मागे घेतला. अधिकाऱ्यानं नियमाप्रमाणे विचारलं, “स्वखुशीनं?” ती हो म्हणाली. बाहेर येऊन तिनं मला उसाचा रस पाजला आणि म्हणाली, “साडी निदान नेसान झाली.”

मतदानाच्या दिवशी इतर वॉर्डांत माणसं रांगा लावून उभी होती. आमच्या वाड्यावर अर्ज एकच उरला होता, कुणी कुठे गेलं नाही. सकाळी पदेर पाव घेऊन आला, सायकलचा भोंगा वाजवून गेला. दुपारी झोपा काढल्या. बोटांना डिकाचे डाग होते, शाई कुणाच्याच नव्हती. पहिल्यांदाच मत द्यायला मिळणार म्हणून मी केस धुतले होते. ते उन्हात वाळवत अंगणात बसून राहिले.

चार दिवसांनी दाजीकाकांची सून पेढे घेऊन आमच्याकडे आली. आईनं तिला नीरो दिला. ती कोप हातात धरून बसली, प्यायली नाही. “काकी,” ती म्हणाली, “माकाय कोणी विचारलेलां ना.” मग दोघी वाटेबद्दल काही बोलल्या. वाट सुटली नाही. पुढे सड्यावर विमानतळ झाला, डोंगराची एक कड गेली, आणि आता ती वाट कुठून निघायची हे दाखवायलाही आईला हात हवेत फिरवावा लागतो. त्या हाताखालून विमानं उतरतात, इतकी खाली की बोंडू घेऊन पळतील असं वाटतं.

हे सगळं मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. माझा विषय आहे ‘बिनविरोध निवड आणि मतदाराचा अधिकार’. उमेदवार एकच उरला की कायदा मतदान घेतच नाही. त्याला निवडून आल्याचं जाहीर करून मोकळा होतो. मतदाराला नाही म्हणायचीही जागा उरत नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे प्रबंधात येऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “ही तुमची आठवण आहे. पुरावा नाही.”

“अख्खा गाव होता मॅडम.”

“गावानं होय म्हटलं होतं. तुम्हीच सांगितलंत.”

“प्रश्न बदलला होता.”

“मग त्या वेळी तक्रार का नाही केली? त्यालाही मुदत असते.”

त्यांचं बरोबर होतं. मी कायदा कोळून प्यायले आहे. दैवी कोपाची भीती घालून मत वळवलं तर ते भ्रष्ट आचरण. पण दाजीकाकांनी कुठे भीती घातली? त्यांनी शांतता मागितली. माघार सहीनं झाली, सही स्वखुशीनं झाली, मुदत केव्हाच उलटली. कुठल्याही बाजूनं धरायला गेलं की ही गोष्ट माशासारखी हातातून निसटते. मला घासाघिशीत कुणी हरवलेलं नाही, आणि इथे समोर माणूसच उभा नाही. म्हणून हे प्रबंधात न लिहिता इथे लिहिते आहे.

अभ्यासासाठी मी डिचोली आणि पेडण्यातल्या वाड्यांवर फिरते, माणसांना विचारते. एका दुपारी मयेला, तळ्याच्या वरच्या अंगाला, एका म्हाताऱ्या बाईच्या ओसरीवर बसले होते. तिच्या वॉर्डातही मागच्या खेपेला निवडणूक झाली नव्हती. मी विचारलं, तुमचा काही हक्क गेला असं वाटलं का? तिनं तळ्याकडे बघितलं.

“हक्काचां माका कळना गो,” ती म्हणाली. “पण मतदानाक गेल्यार पुतणी भेटता, भैण भेटता. म्हालगडी म्हणान पोलीस खुर्ची दिता. पडद्यामागे गेल्यार कोणूच नासता, हांव एकटीच. घरात माका एकटी कोण सोडता?” मग माझ्याकडे वळून, “तुजी आवय सुली न्ही? आमच्या आळीतली? ती खंय रवता? बरी आसा?”

आई बरी आहे, मी म्हटलं. तळ्यात डोंगर उलटा पडला होता. ऊन कलंडलं तसा तो लांब होत होत काठाला आला आणि पाण्यातच विरघळला. त्या पडद्यामागच्या जागेचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या जागेत कुणी आवाज खाली उतरवत नाही, म्हणून कुणी व्हय म्हणत नाही. तिथे बाई काय म्हणते ते तिलाच माहीत. दाजीकाकांनी माझ्या आईकडून पंचाची खुर्ची घेतली, ते सोसलं असतं. त्यांनी वाड्यावरच्या प्रत्येक बाईची ती चिमूटभर एकटी जागा घेतली.

आता हंगाम परत आला आहे आणि निवडणूकही. वॉर्ड परत राखीव आहे, आणि दाजीकाकांच्या घरचा अर्ज याही खेपेला ठरलेलाच आहे. परवा बायका आमच्या अंगणात आल्या, आईला म्हणाल्या, सुलूकाकी, ह्या खेपेक तू उबी रव. मी आत लिहीत होते. पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता हिशेब चुकता होईल.

आई बिया उन्हात पसरत होती. “रवपाक येना,” ती म्हणाली.

बायका गेल्यावर मी तिच्यावर चिडले. वय झालं म्हणतेस? दाजीकाका स्वतः काठी टेकत चालतात आता, त्यांना घाबरतेस? तिनं हातातली सुपली बाजूला ठेवली.

“घाबरना गो. पण हांवें त्या दिसा देवीमुखार व्हय म्हटलां. सगळ्यांवांगडा हांवेंय म्हटलां. एका वाड्याचो एकच अर्ज, व्हय म्हाराजा. तो शबद थंयच आसा. तो कोणें परतो घेतले बगर हांव अर्ज कसो भरतलंय?”

“फसवून घेतलेला शब्द तो, आई. कायद्यात असल्या शब्दाला—”

“कायद्यान देवळातलो शबद सुटता?”

 इतकी पुस्तकं, इतके निवाडे, आणि अंगणात बसलेल्या एका बाईच्या तोंडातून निघालेला एक ‘व्हय’ मला परत आणता येत नाही. आमच्याकडे रीत अशी आहे की गाऱ्हाणं ज्यानं घातलं त्यानंच ते देवीपुढे मोकळं करायचं. दुसऱ्या कुणाचा आवाज तिथे चालत नाही. माझा तर नाहीच, माझा आवाज भांडायचा.

ती परत बिया पसरू लागली. एक विमान सड्याकडे उतरलं, त्याची सावली अंगणातल्या बियांवरून सरकून गेली. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा ती कळी आली, ओली, लाल, पाषाणावरून घसरणारी. मला तिचा राग नाही. तिला जे विचारलं त्याला ती खरं बोलली. गावात भांडण नको, वाडा एक राहावा, याला कुठली देवी नाही म्हणेल?

दाजीकाका, तुम्ही हे वाचाल. दुपारी ओसरीवर चष्मा लावून तुम्ही छापलेलं सगळं वाचता, मला माहीत आहे. मला खुर्ची नको, माफी नको, आणि घासाघीसही नको. ही एकच वस्तू मी सांगितल्या भावानं मागते आहे. अर्ज भरायची मुदत संपायच्या आत देवळात या. सुनेला आणा, तिलाही त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं. सगळा वाडा मी गोळा करते. जिथे उभे होतात तिथेच उभे राहा आणि तुमच्या त्याच गोड आवाजात, सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगा: पारावर काय ठरलं होतं, आणि देवीला तुम्ही काय विचारलंत? या वेळी आम्ही मध्ये व्हय म्हणणार नाही. तुमचं पुरतं बोलून होईपर्यंत नुसतं ऐकू.